विकृती नको, पाठभेद म्हणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळेपासून येतो, त्या हक्कानं लिहितेय. पत्र लांबलंय, पण विषयच असा आहे की चार ओळीत मावत नाही.

तुमच्या आरोग्याच्या पानावर "जनुकीय विकृती" हा शब्द सारखा दिसतो. सिकलसेलची बातमी असो, थॅलेसेमियाची असो, नाहीतर एखाद्या बाळाच्या महागड्या औषधासाठी मदतीचं आवाहन असो, मजकूर कळकळीनं लिहिलेला असतो आणि मधेच हा शब्द येतो. आता हाच शब्द तुम्ही गुन्ह्यांच्या पानावर कोणासाठी वापरता बघा. बायकांना त्रास देणारा विकृत, मुक्या जनावराला जाळणारा विकृत, "विकृतीचा कळस" अशी हेडलाईन. म्हणजे तिसऱ्या पानावर जो शब्द नराधमाला तोच सातव्या पानावर सहा महिन्यांच्या बाळाला. लिहिणाऱ्याच्या मनात तसं नसतं हे मला कळतं हो, पण वाचणाऱ्याच्या मनात दोन्ही अर्थ एकाच खणात जाऊन बसतात.

माझ्या भाचीच्या मुलाला थॅलेसेमिया, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार आहे. सहा-सात महिन्यांचा असताना पांढरा पडायला लागला, दूध पिईना, मग तपासण्या, आणि आता दर तीन-चार आठवड्यांनी रक्त भरावं लागतं. हे सगळं ती निभावतेय, पण सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी एका पेपरचं कात्रण टाकलं, त्यात विकृती हा शब्द लाल पेननं गोल केलेला, आणि खाली लिहिलं, "हे आपल्याकडे कधीच नव्हतं". ती माझ्याकडे येऊन रडली ती आजाराने नाही, त्या गोल केलेल्या शब्दाने. आणि गंमत नाही, दुःख असं की ज्याने हे लिहिलं त्याला एवढंही माहीत नाही की थॅलेसेमिया मेजर, म्हणजे सारखं रक्त भरावं लागणारा गंभीर प्रकार, व्हायला आई आणि वडील दोघांकडून एकेक बदललेलं जनुक यावं लागतं. एकाच बाजूने येऊन हा आजार होतच नाही. त्यामुळे "आपल्याकडे" ते होतंच, पिढ्यान्पिढ्या होतं, फक्त कोणी बघितलं नव्हतं.

मी २९ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. हा धडा शिकवताना मी मुलांना नेहमी लॉ कॉलेज रोडवर घेऊन जायचे, म्हणजे मनाने. तिथे भांडारकर संस्था आहे. १९१९ साली तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायचं काम सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं, देशभरातून आणलेल्या सुमारे १२५९ हस्तलिखितांचा त्यासाठी उपयोग केला. का करावं लागलं एवढं? कारण पोथी हाताने उतरवली जायची. लेखनिक कितीही तयारीचा असला तरी रात्री दिव्यापाशी बसून हजारो श्लोक उतरवताना कुठे एक अक्षर बदलतं, कुठे दोन ओळींची सुरुवात सारखी म्हणून मधली ओळ गळते, कुठे तोच शब्द दोनदा पडतो. मग त्या पोथीवरून जो पुढची पोथी उतरवतो तो ती चूकही इमानदारीने उतरवतो, वर स्वतःची एखादी घालतो. असं करत करत काश्मीरची पोथी वेगळी आणि मल्याळी लिपीतली वेगळी. याला पंडित लोक पाठभेद म्हणतात. आणि त्यांनी हे पाठभेद फेकून दिले नाहीत, प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक टाइपात छापले, कारण दोन पोथ्यांत तीच एक वेगळी गळती सापडली की त्या एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असणार हे त्यावरूनच तर कळतं.

डीएनएचं, म्हणजे ज्यात आपली जनुकं लिहिलेली असतात त्या पोथीचं, अगदी हेच आहे. अक्षरं चारच, ए, टी, जी, सी. आईकडून आलेली सुमारे ३०० कोटी अक्षरं, वडिलांकडून आलेली तेवढीच. पेशीचे दोन भाग व्हायच्या आधी ही सगळी पोथी सात-आठ तासांत उतरवून काढायची असते. उतरवणारं एन्झाइम भयंकर हुशार आहे, स्वतःच मागे वळून चुकलेलं अक्षर खोडतं, आणि त्याच्या मागून दुरुस्तीवाल्या प्रोटीनची दुसरी टोळी फिरत असते. दोन्ही चाळण्यांतून सुटून चूक राहते ती १०० कोटी अक्षरांमागे एखादी. तरी राहते. शिवाय उतरवताना नाही तर नुसती ठेवलेली पोथीही बदलते, जशी कसर लागते तशी. सी या अक्षराचा एक तुकडा पाण्यामुळे आपोआप गळतो आणि ते टीसारखं वाचलं जातं, हे कोणी काही न करता आपल्या पेशींत रोज होत असतं. उन्हातली अतिनील किरणं शेजारशेजारचे दोन टी एकमेकांना चिकटवतात. तंबाखूच्या धुरातले पदार्थ जी या अक्षराला जाऊन चिकटतात. एक्स-रेसारखी किरणं धागाच तोडतात. यातलं कातडीत किंवा फुफ्फुसात झालेलं त्या माणसापुरतं राहतं, त्यातून कॅन्सर होऊ शकतो पण ते मुलात जात नाही. मुलात जातं ते फक्त बीजांडात आणि शुक्राणूत झालेलं.

आणि आता जे सांगतेय ते कृपा करून मोठ्या अक्षरात छापा. जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळात साधारण ६०-७० नवीन बदल असतात जे ना आईत असतात ना वडिलांत. प्रत्येक. तुमच्यात, माझ्यात, ज्याने ते कात्रण टाकलं त्याच्यात. बहुतेक अशा ठिकाणी पडतात की काहीच होत नाही. आणि यातले तीन-चतुर्थांशाहून जास्त वडिलांकडून येतात! कारण साधं आहे. मुलगी स्वतःच्या आईच्या पोटात असते तेव्हाच तिच्या बीजांडांच्या पेशींच्या फाळण्या होऊन गेलेल्या असतात, पण पुरुषात शुक्राणू बनवणाऱ्या पेशी वयात आल्यापासून वर्षाला साधारण २३ वेळा विभागत राहतात, म्हणजे पोथी परत परत उतरवली जाते, आणि वडिलांचं वय एका वर्षाने वाढलं की बाळात एक ते दोन बदल वाढतात.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, हुशार, अक्षर मोत्यासारखं, उंची मात्र फार कमी, हातपाय आखूड. अकॉन्ड्रोप्लाझिया. आईवडील दोघं चारचौघांसारख्या उंचीचे. त्याची आई पालकसभेला यायची तेव्हा मागच्या बाकावर बसायची, सभा संपल्यावर सगळे गेले की पुढे यायची. एकदा मला म्हणाली, "बाई, ग्रहणात मी विळीवर बसले होते, त्याचं हे." बारा वर्षं ती बाई हे डोक्यावर घेऊन फिरत होती, घरातल्यांनी रोज आठवण करून दिली होती. खरं काय आहे, तर या आजाराच्या १० पैकी ८ मुलांचे आईवडील नेहमीच्या उंचीचेच असतात, एका जनुकातल्या एका अक्षराचा नवा बदल असतो तो, आणि तो जवळजवळ नेहमी वडिलांच्या बाजूच्या प्रतीत झालेला असतो. मी तेव्हा तिला "तुमची काही चूक नाही" एवढंच म्हणाले, पुढचं बोलायचं धाडस मला झालं नाही, वडील शेजारी उभे होते. आजही वाटतं बोलायला हवं होतं. त्यांना धरा असं सांगायला नाही, त्यांचीही चूक नव्हतीच, पण त्या बाईच्या डोक्यावरची विळी उतरली असती.

दुसरी बाजू सांगते. माझं माहेर मुळशीचं. आमच्याकडे आंबेमोहर व्हायचा. ज्यांनी जुना आंबेमोहर खाल्लाय त्यांना सांगायला नको, चुलीवर भात रटरटायला लागला की वास अंगणापर्यंत, आणि आजारातून उठलेल्या माणसाला मऊ भात, तूप, मीठ, बास. तो वास ज्या द्रव्याचा आहे ते बासमतीतही असतं, नाव लांबलचक आहे, सोडा. हे द्रव्य साठतं कधी? भाताच्या रोपात एक जनुक असतं ज्याचं एन्झाइम या वासाचा कच्चा माल संपवून टाकतं. साध्या तांदळात ते जनुक धड असतं म्हणून त्याला वास नाही. बासमतीत आणि बहुतेक सुवासिक तांदळात ते जनुक मोडलेलं असतं, आणि मोडलंय कसं, तर आठ अक्षरं गळालीयत. लेखनिकाची ओळ गळते ना, तशी. जनुक तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचलं जातं, तीनाच्या पटीत गळलं असतं तर एखादा शब्द गेला असता, पण आठ गेली की पुढची सगळी फोडच चुकते आणि वाक्य मधेच संपतं. म्हणजे पुस्तकी भाषेत हा बिघाड. कधीतरी हजारो वर्षांपूर्वी कोणा शेतकऱ्याच्या शेतात तो झाला, रोपाने तक्रार केली नाही, पण घरात भात शिजला तेव्हा कोणीतरी मान वर करून बघितलं असणार आणि ते बी वेगळं बांधून ठेवलं असणार. मला हा विचार आला की अंगावर काटा येतो. याला विकृती म्हणायचं का?

द्राक्षंही तशीच. सांगलीकडची तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका, या दोन्ही थॉमसन सीडलेसच्या वेलीवर एखादी फांदी वेगळी निघाली, मणी लांब, आणि बागायतदाराच्या नजरेला पडली त्यातून आल्यात. लॅबमध्ये नाही, बागेत. आणि मुळात बिनबियांचं द्राक्ष हाच एक बदल, जंगलात तो वेल टिकला नसता, माणसाने छाटकलमं लावून टिकवला. आणि मोठेपणी दूध पचणं हाही बदलच. सस्तन प्राण्यांत अंगावरचं तुटलं की दूध पचवणारं एन्झाइम कमी होत जातं हा मूळ पाठ. काही माणसांत ते चालूच राहतं, त्याला एका अक्षराचा फरक कारण आहे, आणि भारतात ज्यांना पचतं त्यांच्यात बहुतेक वेळा तोच फरक सापडतो जो युरोपात सापडतो, एकाच जुन्या पोथीतून आलेला. भांडारकरवाले पंडित हेच करत होते ना!

सिकलसेल तर या सगळ्याचं सार आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी असतात, त्यातला सहावा मणी बदलतो, कारण जनुकात एका एच्या जागी टी. एवढ्यावरून रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि दोन्ही प्रती तशा असलेल्या मुलाला जो त्रास होतो तो बघवत नाही, मी नंदुरबारला नात्यातल्या एका डॉक्टरकडे राहिले होते तेव्हा बघितलाय. तो त्रास कमी लेखायचा नाहीये मला. पण एकच प्रत बदललेली असेल तर तो माणूस एरवी ठणठणीत असतो आणि शिवाय मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं, हे १९५४ पासून माहीत आहे. म्हणूनच जिथे पिढ्यान्पिढ्या मलेरिया होता तिथे हा बदल टिकला, नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली. या अक्षराने आधी किती मुलं मलेरियातून वाचवली असतील त्याची मोजदाद नाही. मग "आदिवासींमधील जनुकीय विकृती" असं छापताना हात थांबायला नको का? एका वाक्यात आपण एका अख्ख्या समाजालाच तो शब्द चिकटवतो.

एक गैरसमज मात्र पेपरवाल्यांनी फार पसरवला, कोविडच्या वेळी. मार्च २०२१ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात सापडलेल्या प्रकाराला "डबल म्युटंट" म्हणायला लागले आणि लोकांना वाटलं व्हायरस आता दुप्पट भयानक झाला. खरं तर त्यात दोनपेक्षा जास्त बदल होते, आणि बदल मोजून भीती ठरत नसते. शिवाय "लशीला चकवा देण्यासाठी विषाणूने रूप बदलले" असं छापून यायचं. विषाणू काही ठरवून बदलत नाही. उतरवताना चुका होतात, सगळ्या दिशांना होतात, बहुतेक कुचकामी असतात, एखादी नेमकी त्या परिस्थितीत उपयोगी पडते आणि तीच पोथी पुढे जास्त उतरवली जाते. गरज पडली म्हणून बदल होत नाही, बदल आधीच झालेला असतो, हे जिवाणूंवर प्रयोग करून १९४३ सालीच दाखवलं गेलंय. अ‍ॅन्टिबायोटिकला न जुमानणाऱ्या जिवाणूंचं पण हेच.

आता वैविध्य. नवं अक्षर येतं ते म्युटेशनने, म्हणजे अशा बदलाने, पण दर पिढीला पिसणी होते ती वेगळीच. गुणसूत्रांच्या, म्हणजे ही पोथी ज्या खंडांत बांधलेली असते त्यांच्या, २३ जोड्या, प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जाणार, म्हणजे एका माणसाच्या बीजपेशींत नुसत्या निवडीचे प्रकार झाले ८३,८८,६०८. वर्गात हा गुणाकार फळ्यावर केला की दरवर्षी कोणीतरी ओरडायचंच, "बाई, चौऱ्याऐंशी लक्ष!" योगायोग आहे तो, पण आकडा मुलांच्या कायमचा लक्षात राहायचा. शिवाय जोडीतली गुणसूत्रं आपसात तुकडे बदलतात ते वेगळंच, त्याची गणती नाही. जळगावच्या केळीला हे नशीब नाही. कंदाने किंवा टिशू कल्चरने वाढवलेलं बागेतलं प्रत्येक झाड म्हणजे त्याच पोथीची झेरॉक्स, एका रोगाला एक झाड बळी पडलं की सगळी पडू शकतात. जगात आधी ग्रो मिशेल नावाचं केळं चालायचं, पनामा रोगाने १९५०च्या दशकापर्यंत त्याचा व्यापार बसला. आंबेमोहराचंही मला तेच भय वाटतं. उंच वाढतो, वाऱ्याने लोळतो, उतारा कमी, म्हणून लोकांनी त्याच्याच वंशातला, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी धरला, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पोट आहे त्यांना. पण आमच्या गावात मी लहान असताना भाताची सात-आठ नावं ऐकलीयत जी आता माझ्या भावालाही आठवत नाहीत. पोथी जळाली तर तिच्यातला पाठभेद दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

माणसांत आपण उलट्या बाजूने तेच केलंय. पोटजातीतच लग्न, त्यात मामाची मुलगी, आतेचा मुलगा. २०१७ साली भारतातल्या आणि शेजारच्या देशांतल्या २६० हून जास्त गटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातल्या ८१ गटांत मोजक्याच पूर्वजांपासून उतरल्याची खूण फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही जास्त ठळक निघाली, आणि अशा छोट्या गोतावळ्याचं उदाहरण म्हणून या दोघांचंच नाव घेतात. त्यातले काही गट दहा लाखांहून मोठे आहेत. म्हणजे माणसं लाखो, पोथ्या मोजक्याच. मग मोजक्या पोथ्यांतला एखादा झाकलेला बदल दोन्हीकडून एकाच बाळात यायची शक्यता वाढते. यात कोणाचा दोष नाही आणि कोणाची जात वाईट नाही, प्रत्येक गटात काही ना काही झाकलेलं आहेच. पण इथे वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर गोत्र विचारतात, नाडी विचारतात, पगार विचारतात, रक्ताची एक साधी तपासणी विचारत नाहीत. हिमोग्लोबिनची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात, सीबीसीबरोबर, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीबरोबर, ती केली की थॅलेसेमियाचा आणि सिकलसेलचा वाहक, म्हणजे एकच प्रत बदललेला माणूस, बहुतेक वेळा कळतो. दोघं वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणी चारात एक शक्यता गंभीर आजाराची. दोघांपैकी एकच असला तर काहीच भय नाही, खुशाल लग्न करा. आणि दोघं असले तरी डॉक्टर मार्ग सांगतात, गर्भाची तपासणी होते. पण टेस्ट करायला जाणार कोण, जर रिपोर्टवर "विकृती" निघणार असेल? वाहक हा शब्द किती सौम्य आहे बघा, पाणी वाहतो तसा वाहतो. तो छापा की.

म्हणून मागणं एवढंच. आजाराला आजार म्हणा, थॅलेसेमियाला थॅलेसेमिया म्हणा, वेदनेला वेदना म्हणा, त्यात काही लपवू नका. जनुकात जे झालं त्याला बदल म्हणा, फारच शास्त्रीय हवं तर उत्परिवर्तन आहेच, किंवा सरळ म्युटेशन लिहा, आता शाळेतल्या पोरांनाही कळतं. आणि माणसामाणसांत जो फरक पिढ्यान्पिढ्या चालत आलाय त्याला पाठभेद म्हणून बघा, पुण्याच्या पेपरला तरी तो परका वाटू नये.

माझ्या भाचीच्या धाकट्या दिराचं लग्न ठरतंय. या खेपेला भाचीच्या नवऱ्यानेच घरात सांगितलं की दोघांचीही टेस्ट करायची, आधी आपल्या मुलाची, मग तिकडच्यांना विचारायचं. सासूबाई अजून तयार नाहीत, म्हणतात मुलीकडच्यांना काय वाटेल. त्यांना पटवायला तो ग्रुपवर तुमच्याच पेपरमधलं काहीतरी टाकणार आहे, त्या बाकी कशावर विश्वास ठेवत नाहीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
कोथरूड, पुणे